जपानला पाठवलेली फडकी

जपानी बाईला फडकं विकायचं, तर आधी ते तिच्यापुढे नेऊन ठेवणारं कुणीतरी शोधावं लागतं. ते शोधायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्या पावसाळ्यात मी जेवढी घाबरले तेवढी दोन्ही बाळंतपणांत घाबरले नव्हते.

आमची लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड काल्हेर गावाच्या अलीकडे आहे, सासऱ्यांच्या भातशेताच्या जागेवर. आता तिच्या तिन्ही बाजूंना गोदामं आहेत. नवरा लूम बघतो, हजेरी आणि बाहेरचं बोलणं मी बघते. शेड दोघा भावांच्या नावावर आहे. धाकट्या दिरांना लूममध्ये रस नाही आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. गोदामाला सूत लागत नाही, कारागीर लागत नाही, वीज गेली तरी त्याचं काही अडत नाही. आमच्या ओळीतल्या शेडी एकामागून एक तशाच गेल्या. जुना लूम कुणी मशीन म्हणून घेत नाही. भंगारवाला येतो, फोडतो आणि लोखंड म्हणून वजनावर घेऊन जातो.

दिरांनी मला दसऱ्यापर्यंत मुदत दिली होती. "वहिनी, पूजा होऊ दे लूमची. तोवर गिऱ्हाईक आणलंत तर मी तोंड उघडणार नाही. नाहीतर मी गोदामवाल्याला सही करून देतो," असं ते चहा पिता पिता म्हणाले. आवाज चढवला नाही, म्हणूनच मला ते खरं वाटलं.

आम्ही विणतो ते विरळ सुती कापड. पूर्वी ते दवाखान्यांत पट्टीसाठी जायचं. ते काम मोठ्या कारखान्यांकडे गेलं आणि आमचे ताके पडून राहायला लागले. मुंबईच्या एका प्रदर्शनात आम्ही छोटा स्टॉल घेतला होता, तिथे एक जपानी गृहस्थ आले. त्यांनी कापडाची जाड घडी केली, मुठीत दाबली, मग गालाला लावून बघितली. त्यांच्याबरोबर पुण्याची एक मुलगी दुभाषी म्हणून होती. तिने सांगितलं की तिकडे असं कापड अनेक पदरांत शिवून भांडी पुसायला वापरतात, आणि चांगल्यातलं असेल तर एकमेकांना भेट देतात. फडकं भेट देतात हे ऐकून नवऱ्याला हसू आलं. आमच्याकडे फडकं कुणी विकत घेत नाही, जुन्या बनियनचं होतं. ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत. मी मात्र घरी येऊन शेजारच्या बायकांकडून सहापदरी फडकी शिवून घ्यायला सुरुवात केली.

शिवणं सोपं होतं. ती तिकडच्या बाईच्या नजरेला कशी पडणार, हे मला माहीत नव्हतं. त्यासाठी दोन ठिकाणी बोलणं सुरू केलं. एक मुंबईची एजन्सी, बाहेरच्या देशांत माल पोचवून देणारी. दुसरी त्या पुण्याच्या मुलीची. ती आता जपानमध्ये ओसाकाला राहते आणि तिथल्या एका वयस्कर बाईंबरोबर काम करते. त्या दोघीच, तिसरं कुणी नाही. खर्च दोघांचा उन्नीस-बीस होता, त्यामुळे त्यावरून काही ठरणार नव्हतं.

मुंबईच्या एजन्सीतल्या मुलाने आठवड्याभरात जाहिरातीचं एक पान नमुन्यासाठी तयार करून पाठवलं. आमच्या फडक्यांचे फोटो आणि बाजूला जपानी अक्षरं. मी ते पान मोबाईलवर मोठं करून पाहिलं, छोटं करून पाहिलं. माझ्याच मालाबद्दल लिहिलेलं होतं आणि मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. इथे सुताचा व्यापारी खोटं बोलला तर मी सूत बोटात पिळून सांगू शकते. ह्या पानाला हात कुठे लावायचा? पुढे कितीतरी दिवस भाजी चिरताना, शेडवर हजेरी घेताना, मनात एकच: आपण आंधळेपणाने कुणाच्या तरी हातात हात देणार, आणि चुकलं तर ते कळेपर्यंत लूम फोडून झालेले असणार.

दोघांनाही नमुने पाठवायचे ठरले. फडकी धुऊन, इस्त्री करून, घडी घालून मी पाकिटं भरली आणि सवयीने देवापुढे ठेवली. सासूबाईंनी सवयीने प्रत्येकातल्या वरच्या फडक्याच्या कोपऱ्याला कुंकवाचं ओलं बोट लावलं. आमच्या घरातून नवा माल कोरा जात नाही. ग्रे, म्हणजे न धुतलेल्या ताक्याला लावलेलं बोट पुढे धुलाईत निघून जातं, त्यामुळे इतक्या वर्षांत कुणाची तक्रार आली नव्हती. हा माल धुऊन तयार झालेला आहे, हे सासूबाईंच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. मी ते बोट लावताना पाहिलं होतं. कुंकू हा डाग असू शकतो, हे आमच्या डोळ्यांना ठाऊकच नाही.

मुंबईचं पाकीट मी स्वतः नेऊन दिलं. मुलाने ते माझ्यासमोर उघडलं, पांढऱ्या कापडावरचा गोल लाल ठिपका पाहिला आणि खुर्चीतून उठलाच. म्हणाला, मॅडम, हा तर जपानचा झेंडा झाला. तो ठिपका आपण खूण म्हणून प्रत्येक फडक्यावर छापू, भारतातल्या घरातला आशीर्वाद अशी जाहिरात करू, महिन्याभरात माल तिकडच्या साइटवर लावून देतो. मुलगा हुशार होता, वागायला चांगला होता. परतताना कशेळीच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या, त्यात बसून मी दिरांना फोन केला. घरी पोचेपर्यंत ती बातमी सगळ्यांना माहीत झाली होती. सासूबाई दारातच उभ्या होत्या.

"बघ, मी सांगत व्हते. कुंकू लावलेला माल वाया जात न्हाय," त्या म्हणाल्या.

दिरांनी झेंड्याची गोष्ट त्या संध्याकाळी दोन पाहुण्यांना सांगितली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते लूमबद्दल चांगलं बोलत होते. मलाही वाटलं, झालं, सुटलो.

मग ओसाकाहून फोटो आला. पाकीट विमानातून, गोदामांतून, पावसातून गेलं होतं. कुठेतरी ओल लागली होती. कोपऱ्यावरचा ठिपका पसरून तपकिरी झाला होता, कडेने पिवळट. खाली त्या मुलीने लिहिलं होतं की हे काय आहे ते कळवा, तोवर आम्ही बाकीची फडकी बाहेर काढत नाही.

मी तो फोटो शेडच्या दारात उभी राहून पाहिला. पट्टीचं कापड, सहा पदर, आणि कोपऱ्यात वाळलेला तपकिरी डाग. मला स्वतःला काय दिसलं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. लगेच तिला फोन लावला आणि कुंकू, पूजा, पहिला माल, असं सगळं भराभर बोलून गेले.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला कुंकू कळतं. माझी आई गाडीच्या चाकालासुद्धा लावते. पण माझ्याशेजारी बसलेल्या बाईंना रक्त दिसलं. आणि विकत घेणार त्यांच्यासारख्या बायका आहेत, मी नाही."

तिने पुढे विचारलं की कुंकू धुतल्यावर जातं का, आणि लहान मुलाच्या वाटीला लागलं तर चालेल का. मी म्हटलं, बघून सांगते.

घरी जाऊन एका फडक्याला कुंकू लावलं आणि ते बादलीत टाकलं. कुंकू गेलं नाही, ते चालू लागलं. पहिल्या पदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि थोड्या वेळाने सगळं फडकं गुलाबी झालं. ह्याच फडक्याने कुणी बाळाची वाटी पुसली असती. मी ते पिळलं आणि दोरीवर न घालता तशीच उभी राहिले. समजा ओसाकाच्या बाईंनी विचारलंच नसतं तर?

दुसऱ्या दिवशी मुंबईला फोन केला. मुलगा म्हणाला, मॅडम, खरं कुंकू थोडंच लावणार, पक्क्या रंगात छापू. ते त्याचं बरोबर होतं. मग मी विचारलं, पांढऱ्या पट्टीच्या कापडावर लाल ठिपका बघून तिकडच्या बाईला काय वाटेल, हे तुम्ही तिकडच्या कुणा बाईला विचारलंत का?

"आमची टीम आहे ना त्यासाठी," तो म्हणाला.

"टीममधल्या कुणी कुणाला विचारलं?"

"बघून सांगतो, मॅडम."

शेडवर मी रोज कुणाला ना कुणाला विचारत असते की तुटलेला धागा सांधला का. 'बघतो' असं उत्तर आलं की तो सांधलेला नसतो. ह्या एका शब्दावर मी अर्धं आयुष्य कारखाना चालवला आहे. पण ते काही पुरावा म्हणून घरात मांडता येत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर सगळे बसलो. ओसाकाच्या दोघींचं म्हणणं मी जसंच्या तसं सांगितलं. खपेल असं त्या म्हणत नव्हत्या. आधी फडकी काही घरांत वापरायला देणार, मग दोन-तीन लहान दुकानांत ठेवणार, मग सांगणार. दसऱ्यापर्यंत ह्यातलं काही पुरं होणार नव्हतं. आणि त्यांची पहिली अट होती की मालाला कुंकू लागता कामा नये.

सासूबाईंनी तोंड फिरवलं. दीर हसले.

"वहिनी, ते लोक महिन्याभरात माल लावतो म्हणतात. ह्या दोघी नुसत्या विचारत बसणार. तुम्हाला गिऱ्हाईक पाहिजे की परीक्षा?"

मी म्हटलं, "भाऊजी, चुकीचा माल महिन्याभरात लावला तर महिन्याभरात बदनाम होऊ. मग दसऱ्याची वाट बघायचीसुद्धा गरज नाही."

"आणि ह्या दोघी खऱ्या कशावरून?"

मला त्यांचंही लिखाण वाचता येणार नव्हतं. दोन बायका, एकीला एकदा स्टॉलवर भेटले होते, दुसरीचा चेहरा फोनच्या पडद्यावर. त्यांच्या डोळ्यांच्या भरवशावर मी शेड टाकत होते. मी एवढंच म्हटलं की ह्यांनी मला वाईट ते तोंडावर सांगितलं, आणि अजून त्यांना माझ्याकडून एक पैसाही मिळालेला नव्हता. नवरा म्हणाला, "तिला ठरवू दे." मी ओसाकाला हो कळवलं. बरं वाटेल असं वाटलं होतं, वाटलं नाही.

नव्या नमुन्यांची पाकिटं मी देवापुढे ठेवलीच नाहीत, शेडवरच भरली. सासूबाईंना कळलं. त्या भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "कोरा माल चाललाय घरातून. काय वाईट झालं तर मला न्हाय बोलायचं." मी देवभोळी नाही. तरी कुरियरवाला गाडी वळवत होता तेव्हा मला त्याला थांबवावंसं वाटलं.

दसरा आला. लूमला हार घातले, पूजा झाली. ओसाकाहून एवढंच कळलं होतं की फडकी घरांत वापरायला दिली आहेत आणि बायका रोज धुऊन बघताहेत. दिरांनी त्यांच्या शब्दाप्रमाणे सही केली, फक्त स्वतःच्या हिश्श्याची. त्यांना सगळी शेड मागता आली असती, नवऱ्याने बहुतेक दिलीही असती. मधोमध भिंत घातली गेली. तिच्या पलीकडचे लूम भंगारात गेले, कारागिरांतले काही गावी गेले, काही पडघ्याला गोदामात लागले. मी त्या दिवशी शेडवर गेले नाही. काम होतं असं सांगितलं.

त्यानंतर खरी भीती सुरू झाली. ही गोष्ट ओसाकाला सांगायची होती. आम्ही बोललो होतो तेवढा माल आता निघणार नव्हता. सांगितलं तर त्या सोडून जातील, न सांगता रेटलं तर पहिल्याच मोठ्या मागणीला उघडं पडू. नवरा म्हणाला, मागणी येऊ दे, मग बघू. 'बघू' ऐकल्यावर मी फोन उचलला.

पडद्यावर दोघी होत्या. मी पुण्याच्या मुलीला मराठीत सगळं सांगितलं: मधोमध भिंत आली, निम्मी शेड गेली, निम्मे लूम गेले, माल निम्मा निघेल. तिने ते जपानीत सांगितलं. त्या बाई ते ऐकताना खाली बघत होत्या. मी मनात शेडच्या उरलेल्या अर्ध्या भागाचं भाडं काय येईल याचा विचारही करून टाकला होता.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. मुलीने तो मराठीत आणला.

"ताई, त्या विचारतात, नमुन्याचं कापड ज्या कारागिरांनी विणलं ते कुठल्या बाजूला राहिले?"

"आमच्या," मी म्हटलं.

मुलीने ते सांगितलं. बाईंनी मान हलवली, बाजूची वही पुढे ओढली आणि काहीतरी बोलायला लागल्या. मुलगी म्हणाली की दोन दुकानं माल ठेवायला तयार आहेत, थोडाच हवा आहे, आणि कडेची शिवण एका फडक्यात तिरकी गेली होती, ती सुधारून पाठवता येईल का.

मी म्हटलं, येईल. आणि ती शिवण कुणाच्या हातची होती ते शोधायला निघाले.