सिद्धू आणि न दिसणारा उजेड

आमचा सिद्धू नजरेचा लई पक्का. माझा भाऊ म्हणून सांगत न्हाय, अख्ख्या कळंबात विचारा. आज्यापर्यंत घरात मेंढरं व्हती. बापानं ती मोडून शेती धरली आन् ह्यो वायरमन झाला. पण कुणाच्या रानात पाइपलाइन टाकायची म्हणली की सिद्धूला बोलावणं यायचंच. ह्यो चरीच्या तोंडाशी पालथा पडायचा, एक डोळा मिटायचा आन् दुसऱ्यानं पार शेवटच्या खुंटीपर्यंत बघायचा. "जरा उजवीकडं घ्या" म्हणला की लोक मुकाट घ्यायचे.

मी सारजा, त्याची थोरली बहीण, सणसरला दिलेली. आई लवकर गेली, त्याला मीच वाढवला. म्हणून माझं तोंड त्याच्यावर कायम सुटलेलं.

अठ्ठ्याण्णव साली सिद्धू बारामतीच्या एमआयडीसीत एका कापडाच्या फॅक्टरीत व्हता. मोठ्या हॉलच्या ह्या टोकाला ऑफिसातला कॉम्प्युटर, त्या टोकाला गोदामातला, आन् मधे सगळे माग. वायर टाकली की उंदरं कुरतडायची, न्हायतर माग हलवताना ती तुटायची. मग पुण्याहून एक साहेब दोन डबे घेऊन आला. समोरासमोरच्या भिंतींना उंच लावायचे. म्हणे ह्यातनं लेसरचा उजेड निघतो, मागांच्या वरनं पलीकडच्या डब्यात शिरतो, आन् कॉम्प्युटरची सगळी माहिती त्या उजेडातनंच जाती-येती. वायर नकोच. ही अक्कल कुणाची, देवालाच ठावं!

पण उजेड काय नेमका बसंना. साहेब सकाळपास्नं खटपट करून कावला, "डब्यात कुणी बघू नका" म्हणला आन् जेवाय गेला. सिद्धूच्या मनात आलं, उजेड तर दिसतच न्हाय, मग डोळ्याला काय करणार? आता ह्या डोक्याला काय म्हणावं! एका कामगाराला पलीकडच्या डब्याचा स्क्रू फिरवाय लावला. आपण शिडीवर चढला, अलीकडच्या डब्याला डोकं लावून डावा डोळा मिटला आन् पाइपलाइन बघावी तसा उजवा लावला. उजेड नीट डोळ्यात शिरला तवा समोर मंद, तांबूस ठिपका तेवढा दिसला. "जरा उजवीकडं. आणखी जरा." ठिपका चांगला भरला तवा म्हणला, "आवळ आता." मग दुसऱ्या टोकाला जाऊन तसंच केलं. उजव्या डोळ्यापुढं अंधारी आलेली, म्हणून तिथं डावा लावला.

कॉम्प्युटर सुरू झाले. साहेब खूश, फॅक्टरीत पेढे वाटले. डब्यावर म्हणे इंग्रजीत इशारा चिकटवलेला व्हता. माझा राग त्या डब्यावर अजून हाय.

सांजच्याला सिद्धू माझ्या दारात आला. "आक्के, तुझं तोंड दिसत न्हाय."

"न दिसायला मी काय भूत हाय व्हय?" मी म्हणलं.

तर ह्यो हमसून हमसून रडाय लागला. जिथं नजर लावावी तिथंच काळा डाग. भिंत दिसायची, भिंतीवरचं घड्याळ न्हाय.

पुण्याला दाखवलं. डॉक्टर म्हणले, डोळ्याचा आतला पडदा भाजलाय. काही महिन्यांत जरा सुधारलं तर सुधारलं, न्हायतर असंच राहणार.

त्याची बायको फुलाबाई तवा वरकुट्याला माहेरी, पहिल्या बाळंतपणाला गेलेली. "तिला कळवू नको, जिवाला घोर लावून घेईल," सिद्धू म्हणला आन् माझ्याकडंच राहिला. नोकरी गेली, तिचं दुःख केलं न्हाय त्यानं. एकच धोशा, "आक्के, लेकरू यायच्या आत डाग जाईल ना गं? मला त्याचं तोंड बघायचंय." रोज सकाळी मी त्याच्यापुढं उभी राहायची, आन् तो मान हलवायचा. न्हाय. मी बिरोबाला साकडं घातलं, मनातनं शिव्याबी घातल्या. सिद्धू मातर कडंनं बघाय शिकला. समोर माणूस असलं की मान वळवायची, मग ते कडंला जरासं दिसायचं.

पोरगी झाली. डाग हलला न्हाय.

बारशाला वरकुट्याला गेलो. पाळणा सजवलेला, बाया पाळणा म्हणत व्हत्या. फुलाबाईनं हसत पोरगी आणून सिद्धूच्या मांडीवर ठेवली. त्यानं खाली बघितलं आन् हळूच तोंड भिंतीकडं वळवलं.

बायांचं गाणं थांबलं. फुलाबाईचा चेहरा उतरला. तिचा बाप आबासाहेब, मुलखाचा तापट, ताडकन उठला. "पोरगी झाली म्हणून तोंड फिरवताय व्हय, जावईबापू? आणा ती हिकडं! आमाला न्हाय जड!"

माझ्या जिभेवर सगळं आलं व्हतं, पण सिद्धूच बोलला. "मामा, तोंड फिरवल्याबिगर ती मला दिसत न्हाय."

मग भिंतीकडं बघतच त्यानं समदं सांगितलं. शिडी, ठिपका, दोन्ही डोळं. फुलाबाई पदर तोंडाला लावून त्याच्याजवळ बसली.

"आता तरी दिसती का?" आबासाहेबांनी विचारलं.

"डोकं दिसतंय. हात हलवती ते दिसतंय. तोंड न्हाय दिसत," सिद्धू म्हणला. "कुणावर गेलीय, तेवढं तुमी सांगा."

आबासाहेब वाकून लई वेळ नातीकडं बघत राहिले. मग म्हणले, "नाक तुमचंच हाय."

सिद्धूनं चाचपत तिच्या नाकावर बोट ठेवलं.