श्रावणातले हृदय

माझ्या थोरल्या भावाला दोन हृदये आहेत. एक श्रावणातले, दुसरे उरलेल्या अकरा महिन्यांचे. अकोल्याच्या डॉक्टरांना तो दरवर्षी पहिलेच दाखवतो.

आमच्याकडे श्रावण पाळतात. आखाडात घशाखाली जेवढी उतरेल तेवढी उतरवायची आणि मग पोळा होईपर्यंत बाटलीला शिवायचे नाही. त्या महिन्यात दादाच्या अंगाला उदबत्तीचा वास येतो, डोळ्यांतला तांबूसपणा निवळतो, आवाजही धुऊन वाळत घातल्यासारखा हलका होतो. आणि नेमक्या याच निर्मळ काळात, एखाद्या सोमवारी, तो हृदयाच्या ठोक्यांचा आलेख काढून घेतो. डॉक्टर विचारतात, "घेता का?" तो म्हणतो, "नाई." त्या दिवसापुरते ते खरेही असते. मग तो निर्दोष कागद वर्षभर परवान्यासारखा मिरवला जातो.

"एकडाव आखाडात दाखवा ना," वहिनी म्हणाली होती.

"तुले काय समजते? घोड्यासारखं हाये, डॉक्टर म्हणे. अन् थोडी घेतली का नसा मोकळ्या होतात."

नसांच्या मोकळेपणाविषयी त्याच्या मित्रमंडळात एकमत आहे. त्यांतल्या एकाच्या नसा इतक्या मोकळ्या झाल्या, की त्याचे अर्धे अंग कायमचे रजेवर गेले. मंडळींनी खापर कूलरच्या गार हवेवर फोडले आणि बैठक पुढे चालू ठेवली.

गेल्या पोळ्याला मी अमरावतीहून माहेरी गेले. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभराच्या सोवळ्याची एका दुपारी सव्याज वसुली. घरभर भाजलेल्या खोबऱ्याचा आणि मटणाच्या रश्श्याचा तिखट दरवळ होता, ओसरीवर पेल्यांची किणकिण. उन्हे कलता कलता दादा आत आला आणि छातीवर तळवा ठेवून पलंगावर बसला. कपाळ ओले, ओठ राखाडी.

"गॅस झाला वाटते."

मी त्याचे मनगट धरले. कॉलेजात मी वृत्ते शिकवते. लय माझ्या बोटांना कळते. त्या नाडीत दोन ठोके एकमेकांच्या अंगावर कोसळत, मग एक पोकळी, मग टाळी वाजताच दाण्यांवरून उडालेल्या चिमण्यांसारखी भांबावलेली धावपळ. मुक्तछंदालासुद्धा आतून काही शिस्त असते.

"चल, डॉक्टरांकडे जाऊ."

"आज?" तो खरोखर दचकला. "आज नको, बाई. आज घेतेल हाये. रिपोट खराब येईन."

वहिनीने रश्श्याखालचा गॅस बंद केला. "म्हणूनच आज," ती म्हणाली आणि तिने त्याच्या चपला पुढे सरकवल्या.

डॉक्टरांनी आलेखाची लांबलचक पट्टी बोटांमधून दोनदा सरकवली. हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत आहेत, असे त्यांनी सांगितले. तिथे रक्त साकळते, त्याची गाठ होऊ शकते आणि ती गाठ थेट मेंदूत जाऊ शकते. दारूने ठोके धावू लागतात, त्यांचा ताल सुटतो, रक्तदाब चढतो. आणि एकाच बैठकीत भरपूर घेणाऱ्याला धोका अधिक.

"श्रावणात तर चांगलं होतं," दादा म्हणाला. दुकानदाराने दाखवल्यापेक्षा वेगळाच माल दिल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"एरवी रोज किती घेता?"

दादाने सवयीने वहिनीकडे पाहिले. आजवर घरी कोणी असले प्रश्न विचारले, की तिने लिंबू-सरबत पुढे करून विषय टाळला होता.

"तुमीच सांगा," ती म्हणाली.

त्याने आधी निम्मे सांगितले. डॉक्टरांचे पेन हवेतच थांबलेले पाहून मग उरलेले सांगितले. त्याला तिथेच दाखल करून घेतले. हाताला सुई, छातीला तारा, आणि त्या तारांमधूनही दादाचा व्यवहार सुरूच.

"पूर्णच बंद म्हणता? आता गणपती बसतीनच. तवा तर मी घेतच नाई."

"गणपती दहा दिवस रायते," वहिनी म्हणाली. "तुमाले किती रायचं हाये, ते सांगा."

दादाने भिंतीकडे तोंड केले. वहिनीने खुर्ची ओढली आणि उत्तराची वाट पाहत त्याच्या पाठीशी बसून राहिली.