आणि एक महिला साथी

“तिचं नाव कशाला? ‘आणि एक महिला साथी’ एवढं पुरे.”

साथीच्या या बोलण्यावर माझा हात थांबला. पुढ्यात पत्रकाची स्टेन्सिल होती. चकमकीत मेलेल्या तिघांची नावं माझी कोरून झाली होती, गावासकट, शिक्षणासकट. चौथी चैती. तिला नाव नको होतं म्हणे.

ही ऐंशीनंतरची गोष्ट. कामोठं तेव्हा खाडीकडेचं गाव होतं. तिथं आमची पत्र्याची खोली. आमची सेना भूमिगत, क्रांती करायला निघालेली. जंगलात आम्ही पाच पोरी बंदूक धरायला शिकलो. चैती सगळ्यांत पुढं. नाला ओलांडताना पाण्यात पहिली उतरायची, बाहेर शेवटची यायची.

मला मात्र तिथून इकडं पाठवलं. एका साथीची बायको म्हणून राहायचं, म्हणजे खोलीवर संशय येत नाही. तो मोठ्या घरातला, कॉलेजात शिकलेला. माझा बाप खडी फोडता फोडता खोकून मेला. दार लावलं की नवरा-बायकोचं नाटक संपायला पाहिजे होतं. संपलं नाही. त्याचे कपडे मी धुवायची, ताट मी उचलायची. समतेवर तो फार छान बोलायचा. बोलता बोलता पाणी मागायचा. एकदा म्हणाला, “तुझ्या हाताला भाकरीच शोभते.” मी हसले. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

“चैती तिथं स्वयंपाकाला होती,” तो म्हणाला.

“खोटं. दोघांना मागं ढकलून ती पुढं झाली. जंगलातून आलेल्या निरोप्यानं तुमच्यासमोर सांगितलं.”

त्यानं माझ्या हातातली लेखणी हिसकावली. “अक्षरं आम्ही शिकवली तुला. आता आम्हालाच शिकवतेस?”

खरं होतं ते. अक्षरं त्यांनीच शिकवली. म्हणून जास्त लागलं.

तेवढ्यात दार वाजलं. घरमालकीण. आत न येताच हळू आवाजात म्हणाली, “पोलिसांची जीप दोनदा येऊन गेली गो. नवीन कोन ऱ्हातं, इचारत व्हते. तुजा घरवाला काय काम करतं?”

“कळंबोलीला लोखंडाच्या गोदामात,” मी म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली. मग गेली.

साथीचा चेहरा पांढरा पडला. तरी म्हणाला, “चहा टाक आधी. मग सामान बांध.”

मी चहा टाकला नाही. त्यानं खाली टाकलेली लेखणी उचलली आणि कोरलं. चैती. तिचं गाव. खाली लिहिलं, शेवटपर्यंत लढली.

“हा शिस्तभंग आहे. शिक्षा माहिताय ना?”

माहीत होती. ज्याच्यावरचा विश्वास उडाला, त्याचं जंगलात काय होतं, ते मी पाहिलेलं होतं. तरी स्टेन्सिल छपाईच्या यंत्रावर चढवली आणि दांडा फिरवत राहिले. तो बॅग घेऊन मागच्या बाजूनं निसटला. मला पोलिसांच्या तोंडी सोडून. मी पत्रकं सुक्या मासळीच्या पाटीत खाली घातली आणि ठरल्या ठिकाणी पोचवायला रस्त्यावरून उघड चालत गेले. जीप समोरून आली. माझ्याजवळ मंद झाली. पुढं गेली.

चौथ्या दिवशी बोलावणं आलं. कळंबोलीत, ट्रकच्या एका बंद गॅरेजात. वरचा नेता खुर्चीत, साथी त्याच्या बाजूला. मी उभी.

“बायकांचा प्रश्न क्रांतीनंतर बघू,” नेता म्हणाला. “आता माफी माग.”

“नाही मागणार.”

“मग तू आमची नाहीस. आणि आमचं सगळं तुला माहीत आहे.”

एवढंच बोलला. बाहेर सळ्या उतरवल्याचा आवाज येत होता. साथी जमिनीकडं बघत होता.

मी परत फिरले. कुणी अडवलं नाही. तेच जास्त भीतीचं होतं.

पळून गावी गेले नाही. रबाळ्याला एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागले. जंगलातल्या उरलेल्या तिघींना सगळं कळवलं. दोघींचं उत्तर आलं, तिसरीचं नाही. पोलिसांना एक शब्द सांगितला नाही, सांगणारही नाही. पण कामावरच्या बायकांमध्ये बसते तेव्हा हे सगळं सांगते. सेनेतली माणसं दोनदा कारखान्याच्या गेटवर येऊन मला बघून गेली.

त्यांना यायचं तर शिफ्ट सुटताना यावं, सगळ्याजणी असताना. माझं बोलणं चालूच असेल.