पिल्लांना पाणी

मद्रासमध्ये काळजी करणारी माणसं पुष्कळ असतील. पण डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांची काळजी करून झोप घालवणारा माणूस आमच्या डेमॉन्स्ट्रेटर सरांखेरीज दुसरा नसावा. मातीतले सूक्ष्म जीव हा त्यांचा संसार होता. दुपारी समुद्राचा वारा सुटला, की सगळा वर्ग सुटकेचा निःश्वास टाकायचा आणि सर धावत जाऊन खिडक्या लावायचे. "वाऱ्यांत मीठ असतें, तंबी!" आम्ही घामाने निथळत बसायचो. वेलचेरीच्या शेतांतून खारी माती आणायची, तर डबा पंच्यात गुंडाळून छातीशी धरून बसमध्ये बसायचे. एका बाईंनी ते गाठोडं म्हणजे तान्हं मूल समजून त्यांना खिडकीची जागा दिली. सरांनी ती निमूटपणे घेतली, आणि उतरताना "बाळ गुणी आहे हो" असं बाई म्हणाल्या, तेव्हा मान डोलावली. माती जिभेवर ठेवून ते तिची प्रत ठरवायचे. "ही रस्समाला चालेल," नाहीतर तोंड वाकडं करून, "ही लोणच्याची."

सर तंजावरकडचे मराठी. वर्गात इंग्रजी, शिपायाशी तमिळ आणि माझ्याशी त्यांच्या पणजोबांच्या वेळची मराठी. मला ते 'तंबी' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. गावी आमचं खालचं शेत क्षार फुटून पांढरं पडलं होतं, आणि मी शिकून त्याचं काहीतरी करीन असं वडील समजून चालले होते. मला पुस्तकातलं निम्मं कळत नसे. सरांनी ते एका वाक्यात सांगितलं : "पान मांडलें, स्वयंपाक झाला, पण वाढपी मिठानें आजारी पडलेत. मग पीक जेवणार कसें?" ते वाढपी म्हणजेच मातीतले जीव.

पोंगलच्या सुट्टीत सर तंजावरला निघाले. मी त्यांना पोचवायला एग्मोर स्टेशनवर गेलो होतो. आमच्या बारा कुंड्या तारेच्या जाळीच्या खोलीत होत्या. खाऱ्या मातीत भाताची रोपं लावून, त्यात सरांचे ते सूक्ष्म जीव सोडून, महिना झाला होता. त्या कुंड्यांवर माझा अहवाल, आणि अहवालावर माझी शिष्यवृत्ती. गाडी हलली तसं सर खिडकीतून ओरडले, "पिल्लांला रोज सकाळीं! थोडेंच! जास्त घालूं नक्को, बुडतील!"

प्रयोगशाळेतल्या मांजरीला नुकतीच तीन पिल्लं झाली होती. मी रोज सकाळी बशीत दूध घेऊन हजर. बशीभर दुधात मांजराचं पिल्लू कसं बुडेल, असा प्रश्न मनात आला होता; पण मोठ्या माणसाला पत्र पाठवून असलं काय विचारायचं, म्हणून गप्प बसलो. कुंड्या माळी बघत असेल, हे मी आपलं धरून चाललो. माळीही पोंगलला गेला होता.

सर परत येण्याच्या आदल्या दिवशी मी जाळीत डोकावलो. कुंड्यांतली माती वाळून भेगाळली होती. पाणी उडून गेलं होतं आणि मीठ वर येऊन बसलं होतं, आमच्या खालच्या शेतासारखंच पांढरं. रोपांचे शेंडे जळलेले. 'पिल्लं' कोण, ते मला त्या क्षणी कळलं. गावी वडिलांना काय सांगायचं याचीच वाक्यं मी रात्रभर जुळवत होतो.

सकाळी सर स्टेशनवरून थेट आले, हातात बिछान्याची वळकटी. "पिल्लं कशीं आहेत?"

"सर... तिन्ही चांगली जाडजूड झालीत."

"तीन?"

मग मी सगळं सांगितलं. सर कुंड्यांपाशी उकिडवे बसले. त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत असं वाटून मी गारठलो, तर ते हसत होते. "अय्यो, माझे लेकरां! तुमचें दूध मांजरानें प्यालें!" हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले, ते नुसत्या हसण्याने ओले झाले नव्हते.

प्राध्यापकांपुढे मात्र सरांनी मला तोंड उघडू दिलं नाही; स्वतःच म्हणाले, "चूक माझी. माझी मराठी फार जुनी, सर. या मुलानें नवी शिकली." महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. रोज गोडं पाणी, थोडंथोडं. सर नाक मातीला टेकवून वास घेत. दहा कुंड्या गेल्याच. हिरवा पाला गाडलेल्या दोन कुंड्यांत एक एक नवं पान आलं. तेवढ्यावर मी अहवाल लिहिला आणि कसाबसा पास झालो.

नंतर मी गावी आलो. खालच्या शेतात दरवर्षी पाला गाडतो. एक कोपरा आता काळा दिसू लागलाय. सरांचं वर्षातून एक कार्ड यायचं, त्यात शेवटची ओळ ठरलेली : "पिल्लं कशीं आहेत?" माझ्या मुलांबद्दल की मातीबद्दल, हे विचारायचा धीर मला कधी झाला नाही. मी दोन्हींची खुशाली कळवत असे.

दोन वर्षं झाली, कार्ड आलेलं नाही. पत्र लिहून चौकशी करावी असं रोज ठरवतो आणि उत्तराच्या भीतीने राहून जातं. सकाळी त्या कोपऱ्याला पाणी सोडतो, आणि दारं जरा लवकरच मोडून पाणी दुसरीकडे वळवतो. बुडतील.