वर्गात आई नको

नागरिकशास्त्राच्या बाईंची बदली लेकीच्याच शाळेत झाली, तेव्हा आनंद फक्त त्यांना एकट्यांना झाला.

लेक नववीत होती. वडिलांवर गेलेली, उजळ, आडनावही वडिलांचंच. बाई काळ्याभोर. त्यांचे आजोबा पोटापाण्यासाठी परमुलखातून आलेले, आणि त्या मुलखाचा हेल बाईंच्या बोलण्यात अजून होता. बदलीचं ऐकून लेक जेवता जेवता थांबली. मग म्हणाली, "आई, शाळेत आपण ओळख दाखवायची नाही. एवढं कर माझ्यासाठी."

नवऱ्याने समजूत घातली, की या वयात मुलांना आईबाप जवळ नकोच असतात. बाईंनाही तसंच वाटून घ्यायचं होतं. मुख्याध्यापिकांना सगळं ठाऊक होतं. त्यांना उलट बरं वाटलं, पक्षपाताची कुजबुज नको. सकाळी लेक आधी निघायची, आई मागाहून.

भेदभावाचा धडा म्हणजे बाईंचा हातखंडा. वंश, रंग, माणसांवर मारले जाणारे शिक्के, आणि आपण स्वतः कोण. पोरं आपल्याला पाठीमागे 'डांबरबाई' म्हणतात हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. प्रत्येक शाळेत काही ना काही नाव पडायचंच, आणि हा धडा झाला की ते मागे पडायचं, निदान तोंडावर तरी.

धड्याच्या दिवशी मधली सुट्टी संपता संपता त्या वर्गापाशी पोचल्या. आतून त्यांचाच आवाज येत होता. वाक्याच्या शेवटी वर चढणारा तोच हेल, मध्येच तेच घसा खाकरणं. वर्ग हसून लोळत होता. इतकी हुबेहूब नक्कल करायची तर तो आवाज पाळण्यापासून कानावर पडलेला हवा. बाईंना आत डोकावायची गरजच पडली नाही. त्या जिन्यापर्यंत मागे गेल्या, घंटा होईपर्यंत तिथेच थांबल्या आणि मग मुद्दाम पावलं वाजवत आल्या.

धडा त्यांनी नेहमीसारखाच घेतला. शिक्का मारणं म्हणजे काय, असं शेवटी विचारलं. लेकीने हात वर केला आणि सांगितलं, की माणूस समोर उभा असताना त्याच्याऐवजी आपल्याच मनातलं चित्र बघणं. पुस्तकात असं वाक्य नव्हतं. बाईंनीच ते तिला कधीतरी स्वयंपाक करता करता सांगितलं होतं.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "बस खाली."

पालकसभेला वडील एकटे आले. रांगेत उभे राहिले आणि पाळी आल्यावर स्वतःच्याच बायकोसमोर बसले. लेक शेजारी, मागे तिच्या मैत्रिणी.

"नमस्कार, बाई," ते म्हणाले. "आमची मुलगी कशी आहे अभ्यासात?"

बाईंनी मान खाली घालून गुण वाचले. "हुशार आहे. घरी आईशी बोलते का?"

लेकच म्हणाली, "आईचा इथे काय संबंध?" मैत्रिणींना त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याने माफी मागितली. म्हणाला, वर्षा-दोन वर्षांचा तर प्रश्न आहे. बाई भांडी विसळत होत्या. तुम्ही इतक्या सहज नमस्कार केलात, की मला वाटलं खरंच कुणी पालक आलाय, एवढंच त्या बोलल्या. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

भेदभावाचा धडा पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाला द्या, म्हणून बाईंनी मुख्याध्यापिकांना विनवून पाहिलं. तुमच्याइतक्या तळमळीने कोण शिकवणार, असं म्हणत त्यांनी हसून बोळवण केली. घरात बाई कमी बोलू लागल्या. बोलल्याच तर हेल गिळून. लेकीच्या ते लक्षात आलं, आणि तिला हायसं वाटलं हे बाईंच्या लक्षात आलं.

शाळा संपल्यावर लेकीने दूरचं, वसतिगृहाचं कॉलेज निवडलं. निघायच्या दिवशी मैत्रिणी खाली गाडीपाशी थांबल्या होत्या. तिने आईला घट्ट मिठी मारली, रडलीही. पण दार उघडण्याआधी. मग डोळे पुसले, बॅग उचलली आणि वडिलांबरोबर जिना उतरून गेली. बाई दाराच्या आतच उभ्या राहिल्या. खिडकीशी गेलं तर खालून कुणीतरी वर बघेल, म्हणून गेल्या नाहीत.