केळव्याच्या तेलातलं पान

अजूनही कुठे तेल तापल्याचा वास आला की मी पालघर ठाण्यातल्या त्या दुपारींत जाऊन बसतो. साठच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी तिथे फौजदार होतो. तारापूरला वीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि त्यासाठी सातारा-सांगलीकडची माणसं बोईसरात खोल्या घेऊन राहू लागली होती. पालघर तेव्हा तालुक्याचं गाव. उन्हाळ्यात दुपारी ठाण्यात फक्त पंख्याचा आवाज असायचा, आणि खिडकीतून चिंचेची सावली टेबलावर हलत असायची. नावं कुणाचीच सांगणार नाही. कामाची पद्धत आणि माणसं सांगतो.

फिर्याद घेऊन आल्या त्या केळव्याच्या एका वाडीच्या मालकीणबाई. नारळ, सुपारी आणि पानवेलींची वाडी. मुलीचं लग्न वैशाखात ठरलेलं. लग्नाच्या तळणासाठी शेंगदाणे आणून घाण्यावर गाळून घेतलेलं तेल डब्यांत भरून ठेवलं होतं. त्यातले चार डबे गोदामातून गेले.

"ओळखाल का डबे?" मी विचारलं.

"डबे सगळे सारखेच, साहेब. पण आत पान हाय ना. आमी तेल कढवताना विड्याची पानं घालतो. प्रत्येक डब्याच्या तळाला दिसतील. लोण्याला नाय का घालत? तसंच."

"कशाला?"

"वरीसभर वास नाय मारत तेल. आमच्या वाडीत पानाला काय तोटा?"

मी 'डब्याच्या तळाशी विड्याची पाने' असं जबाबात लिहून घेतलं. खूण पक्की होती. मला वाटलं, आठवड्यात निकाल लागेल.

खबर लवकरच आली. बोईसरच्या एका किराणा दुकानदाराने हवालदाराच्या कानावर घातलं की एका बांधकाम मजुराच्या खोलीत तेलाचा डबा आहे, आणि हा माणूस महिन्यापूर्वी केळव्याच्या त्याच वाडीत गोदामाचं छप्पर शाकारायला गेला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. आम्ही पंच घेऊन खोली तपासली. चुलीजवळ डबा होता, वापरून थोडा खाली गेलेला. तळाला पान नव्हतं.

"गाळून घेतलं असंल," हवालदार म्हणाला. "पान काडून टाकायला काय येळ लागतो?"

मजूर साताऱ्याकडचा, तिशीचा, उंच आणि वाकून बोलणारा. त्याची बायको दारात उभी होती. तो म्हणाला, "सायेब, हितल्या किराणा दुकानातनं घेतलाय डबा. आमी तिघांनी वर्गणी काढून. इचारा की त्येला."

खबर देणारा दुकानदार तोच. त्याला विचारलं. त्याने हात जोडले. "माझ्याकडून नाही घेतला, साहेब. माझं तेल शुद्ध, गिरणीतून आलं तसं. त्यात मी काही घालत नाही, काढत नाही."

पुरावा नव्हता म्हणून मी मजुराला कोठडीत टाकलं नाही. रोज संध्याकाळी ठाण्यात येऊन हजेरी द्यायला सांगितलं. पण बोईसरात बातमी पसरायला काय लागतं? ठेकेदाराने त्याचा गेट पास अडकवून ठेवला. पोलिसांकडून निर्दोष असल्याचं पत्र महिनाअखेर आणलं तर पास, नाहीतर त्याच्या जागी दुसरा माणूस. बांधकामावर बिनापासाचा माणूस म्हणजे कुंपणाबाहेरचा माणूस. गावी जमीन नव्हती. पास गेला की त्याला परत जायलाही काही नव्हतं.

मला सगळ्या गोष्टी क्रमाने करायची सवय. मी तीन बाटल्या भरून घेतल्या: मजुराच्या डब्यातलं तेल, दुकानात उघड्या असलेल्या डब्यातलं तेल, आणि केळव्याच्या घरी उरलेल्या डब्यातलं तेल. तिन्हींवर लाख लावून चिठ्ठ्या डकवल्या आणि मुद्देमालाच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर ठेवल्या. दुकानाचं तेल का घेतलं, असं हवालदाराने विचारलं. मी म्हटलं, "दोघांचे जबाब घेतले, मग तेलही दोघांचं."

त्यानंतरचे दिवस झोपेत चालावं तसे गेले. ऊन वाढलं. मजूर रोज संध्याकाळी बोईसरहून चालत यायचा, अंगठा उठवायचा आणि बाकावर जरा टेकायचा. कधी बायको सोबत असायची. ती पदराच्या टोकाने वारा घेत बसायची. तिन्ही बाटल्यांतून ऊन गाळून भिंतीवर तीन पिवळे डाग पडायचे आणि दिवसभर हळूहळू सरकायचे. कोठडीत कुणी नसलं की मी ते डाग पाहत बसायचो. तपास पुढे जात नव्हता, आणि महिना संपत आला होता.

एका दुपारी मुद्देमालाची खोली झाडायला काढली, तेव्हा एका बाटलीला हवालदाराचा धक्का लागला. ती पडली नाही, पण बूच सैल झालं.

"अरे द्येवा! कसला घाण वास हाय हा!"

"कुणाची बाटली?"

"त्या सातारकराची. खवट झालंय पार. जुन्या कुलुपासारखा वास येतोय."

मी पंचांना बोलावून बाकीच्या दोन्ही उघडायला लावल्या. केळव्याचं तेल जसंच्या तसं होतं. आणि दुकानाचंही. एकाच फळीवर, एकाच उन्हात ठेवलेल्या तीन बाटल्या; एक नासली, दोन नाही. दुकानदार तर म्हणाला होता, गिरणीतून आलं तसंच, काही न घातलेलं.

पण नाक हा पुरावा होत नाही. मुंबईला रासायनिक परीक्षकांच्या कार्यालयात माझ्या ओळखीचे एक गृहस्थ होते. त्यांना ट्रंककॉल लावून विचारलं. ते हसले.

"फौजदारसाहेब, तेल हवेनं नासतं. हवेतला प्राणवायू त्याला आतून खात जातो, उन्हात जास्तच भरभर. मोठे कारखानदार म्हणूनच त्यात थोडी औषधाची पूड घालतात. विड्याच्या पानातही तसंच द्रव्य असतं. ते तेलात उतरतं आणि तेलाच्या आधी स्वतः खर्ची पडतं. ते आहे तोवर तेल शाबूत. एकदा नासलं की मग काही घालून उपयोग नाही."

"आणि पान गाळून काढलं तर?"

"उतरायचं ते कढवतानाच उतरलेलं असतं."

दुसऱ्या दिवशी मी मालकीणबाईंना आणि दुकानदाराला एकाच वेळी बोलावलं. मजूर आणि त्याची बायको हजेरीच्या बाकावर होतीच. चहावाल्याचा स्टोव्ह आत मागवला आणि बाईंना पळी दिली. आधी त्यांच्या घरचं तेल तापवलं. मग मजुराचं. ते तापताच सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

"शी! ह्ये आमचं नाय," बाई म्हणाल्या. "आमच्या गड्यांनासुदा आमी असलं वाढत नाय."

मग दुकानाचं. पळीत तेल हललं, आणि हळूहळू ठाण्यात एक तिखट, गार, ओलसर वास पसरला. पंखा तो वास कोपऱ्याकोपऱ्यात नेत होता. मला माझ्या खुर्चीवर बसल्या बसल्या केळव्याची वाडी दिसली: पानवेलींच्या रांगा, पाटाचं पाणी, माडांच्या मधून येणारा समुद्राचा आवाज.

बाईंचे डोळे भरले. "माझी पानं हायत ही, साहेब."

मी दुकानदाराकडे वळलो. "तेल खवट का नाही झालं?"

"त्यात... त्यात ती पूड घातलीय, साहेब. कारखानेवाले घालतात ना, तसली."

"त्या दिवशी म्हणालास, काहीच घालत नाही."

"विसरलो."

"ठीक. पूड कुठली, कुणाकडून आणली? डबी दाखव, माणूस पाठवतो आत्ताच."

त्याने स्टोव्हकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाकावरच्या मजुराकडे. तिथे त्याची नजर टिकली नाही. थोड्या वेळाने त्याने खाली बसून सगळं सांगितलं. नारळ भरायला गाडी घेऊन तो केळव्याला गेला होता. गोदामाची कडी लागलेली नव्हती. डबे गाडीत चढवले, वर नारळ रचले. घरी आल्यावर धोतराच्या फडक्यातून तेल गाळून पानं उकिरड्यावर टाकली आणि नव्या डब्यांत तेल भरलं. मजुराला गिरणीच्या तेलाचा डबा त्यानेच आधी विकला होता; आपल्यावर नजर येऊ नये म्हणून त्याच डब्याची खबर दिली. उरलेले डबे त्याच्या कोठारात, तुरीच्या पोत्यांखाली सापडले.

ठेकेदाराला द्यायचं पत्र मी स्वतः लिहिलं आणि शिक्का मारून मजुराच्या हातात दिलं. ते त्याने वाचलं नाही, त्याला वाचता येत नव्हतं. त्याने शिक्क्यावरून बोट फिरवलं.

"सायेब, आणि आमचा डबा?"

"ते तेल नासलंय रे."

"दिव्याला चालंल की."

मालकीणबाई दारापर्यंत गेल्या होत्या, त्या मागे वळल्या. "दिव्याला तेच जाळ. खायला माझ्याकडून घेऊन जा. लग्नाला ये, बायकोला आण. आणि पान काडू नकोस हां, तळाला असू दे."

त्याच्या बायकोला पहिल्यांदा हसताना मी तेव्हा पाहिलं.

त्या प्रकरणानंतर मी माझ्या कामात दोन गोष्टी बदलल्या. एक, खबर देणाऱ्याचीही तितकीच तपासणी करायची जितकी ज्याच्याबद्दल खबर आहे त्याची. दोन, कुणावर संशय असला तरी ते त्याच्या कामाच्या जागी कळू द्यायचं नाही आणि ठाण्याबाहेर त्याची चर्चा होऊ द्यायची नाही. संशयाची हवा लागली की माणसाचं नाव आतून बिघडत जातं, आणि मग निर्दोष ठरूनही वास राहतो. आपण आधीच काळजी घेतली तर ते टिकतं. नंतर काही घालून ते सुधारत नाही. तेलाचंही तसंच आहे, परीक्षकांनी सांगितलं होतं.

माझी बदली होईपर्यंत तो मजूर कधीमधी तारापूरच्या रस्त्यावर सायकलवर दिसायचा. जीप जवळ आली की तो पाय टेकून थांबायचा, सदऱ्याच्या खिशातला पास काढून उंच धरायचा आणि जीप पुढे जाईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. मी कधी मागितला नव्हता.