दापोली लांब, जबलपूर महाग

आमच्या मुलीला बारावीनंतर वनशास्त्र शिकायचं होतं. हे तिनं दहावीतच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे धक्का बसायचं काही कारण नव्हतं. तरी निकाल लागल्यावर नवऱ्यानं एकदा विचारून पाहिलं, की आधी इथंच साधं बी.एस्सी. केलं आणि मग जंगलाकडे वळली तर चालणार नाही का. चालणार नाही, असं ती म्हणाली आणि तो विषय तिथंच संपला.

अकोल्याच्या प्रवेशाची यादी तिच्या नंबराच्या जरा आधीच थांबली. राहिल्या दोन जागा. एक दापोलीला, दुसरी जबलपूरच्या सरकारी विद्यापीठात, बाहेरच्या राज्यातल्या मुलांसाठी ठेवलेल्यांपैकी. दोन्ही सरकारीच. दापोली म्हणजे आपला महाराष्ट्र, तेव्हा फी बेताची, शिवाय आमच्या जातीच्या दाखल्यावर शिष्यवृत्ती. पण जायचं तर नागपूरहून पनवेल, पनवेलहून खेड, खेडहून एसटी. दीड दिवस मोडतो. जबलपूरला सकाळी बसमध्ये बसलं की दुपारच्या चहाला माणूस तिथं. मात्र खवासा ओलांडून मध्य प्रदेशात शिरलं की प्रवेशासाठी आमच्या दाखल्याचा उपयोग नाही, आणि बाहेरच्यांची फी तिथल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त. आपलं राज्य लांब आणि परकं राज्य शेजारी, हा प्रकार नागपूरच्या माणसाला नवा नाही, पण त्याचे पैसे भरायची वेळ आमच्यावर पहिल्यांदाच आली होती.

मी मौद्याच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवते, रोज बसनं जाऊन येऊन. नवऱ्याचं इतवारीत मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरीतली तार काढून नवी भरायची, हे त्याचं काम. उन्हाळ्यात काटोलकडचे संत्रावाले विहिरीवरच्या मोटरी घेऊन त्याच्या दारात बसलेले असतात. जबलपूरची फी आम्हाला अगदीच झेपली नसती असं नाही, पण डोळे मिटून भरावी अशीही नव्हती.

खरी अडचण वेगळीच होती. आमच्या घरात शिक्षणाच्या खर्चाबद्दल 'परवडतं का' असं विचारायची पद्धत नव्हती. सासरे छप्पन सालच्या धम्मदीक्षेच्या दिवशी लहान होते, वडिलांच्या खांद्यावर बसून नागपूरला आले होते. पुढे गिरणीत लागले, आणि मुलांच्या फीसाठी त्यांनी एकदा स्वतःची सायकल विकून वर्षभर पायी ड्यूटी केली. ते गेले, पण त्यांचा फोटो बैठकीत आहे, आणि त्या फोटोसमोर बसून फीची बेरीज-वजाबाकी करायची नवऱ्याची हिंमत होईना. तो हिशोब दुकानात करायचा आणि घरी आल्यावर नुसतं म्हणायचा, "पाहू."

मी जबलपूरच्या बाजूनं होते. हिंदी आपल्याला येते, जेवण आपल्यासारखं, हवा आपल्यासारखी, जंगलही आपलंच पुढे सरकत गेलेलं. कोकणात आपलं कोण आहे? अशी कारणं मी रोज एकेक वाढवत होते. मुलगी ऐकून घ्यायची आणि बापासारखंच "पाहू" म्हणायची. दापोलीची जागा पक्की करायला आठवडा उरला, तेव्हा नवराच म्हणाला की इथं बसून पाहू-पाहू करण्यापेक्षा जबलपूर एकदा डोळ्यांनी पाहून येऊ. त्यानं दुकान एक दिवस बंद ठेवलं, मी रजा टाकली आणि आम्ही तिघं निघालो.

बसमध्ये मी खूश होते. मनसर गेलं, खवासा गेलं, दोन्हीकडे साग लागला. मुलगी खिडकीशी बसून झाडं सांगत होती. हा धावडा, हा साजा, तो मोह. सिवनीला आम्ही समोसे खाल्ले. मी नवऱ्याला म्हटलं, बघा, राज्य बदललं हे पाटी वाचल्याशिवाय कळलंसुद्धा नाही. तो म्हणाला, फी भरताना कळेल.

विद्यापीठाचं आवार मोठं, सावलीचं. कार्यालयातले बाबू भले गृहस्थ होते. त्यांनी फीचा कागद आमच्यापुढे सरकवला. त्यात दोन रकाने, तिथल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी एक. नियम सरकारचा आहे, माझा नाही, असं ते हिंदीतून जरा ओशाळून म्हणाले. नवऱ्यानं कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली.

मग आम्ही रोपवाटिका पाहायला गेलो. तिथं एक मुलगी पिशव्यांत माती भरत होती. आमचं बोलणं कानावर पडताच तिनं मान वर केली.

"नागपूरचे काय जी तुम्ही?"

ती काटोलची निघाली. तिसऱ्या वर्षाला होती, घरी संत्र्याची थोडी बाग. पाचच मिनिटांत तिनं आम्हाला वसतिगृह, जेवण, कोणते सर चांगले आणि कोणते नुसतेच कडक, सगळं सांगून टाकलं. मला मनातलं विचारायचं होतं, ते मी विचारलं. इतकी जास्त फी भरण्यासारखं इथं आहे का?

तिनं हात झटकले आणि थोडा विचार केला. म्हणाली, इथं शिकवतात चांगलं, पण तिची एक मैत्रीण दापोलीला आहे, तिथंही चांगलंच शिकवतात. दोघींची पुस्तकं बरीचशी सारखी आहेत. मैत्रीण सुट्टीत आली की दोघी वह्या ताडून पाहतात.

"मग तू काहून आली इथं?" नवऱ्यानं विचारलं.

"माह्या आईची तब्येत बरी राहत नाही, काका. मले दर महिन्याले घरी जा लागते. जास्तीची फी थ्याच्यासाठी आहे."

आम्ही तिचा निरोप घेतला आणि बस स्टँडवर आलो. परतीच्या बसला वेळ होता. बाकावर बसून चहा घेताना नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुही तब्येत तर बरी आहे ना वं?"

मला राग आला. इतका आला की मी चहा अर्धा टाकून दिला. माझी तब्येत उत्तम होती, रक्तदाबसुद्धा नव्हता, आणि हेच तर त्याला म्हणायचं होतं. ती जास्तीची फी मुलीच्या शिक्षणाची नव्हती. दर पंधरा दिवसांनी मला मुलगी दिसावी, याची होती. जेवण, हवा, भाषा, मी जमवलेली सगळी कारणं खरी होती. फक्त मुख्य कारण मी त्यात घातलं नव्हतं.

बस जबलपूरबाहेर पडली, पुन्हा साग लागला. मग मुलगीच बोलली.

"आई, मले दापोलीले जायचं आहे."

मी विचारलं, हे आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तू नाराज झाली असती. मी विचारलं, तिकडेच का? फी वाचते म्हणून? तेव्हा तिनं खिडकीबाहेर बोट दाखवलं.

"इथली झाडं मले माहीत आहेत. तिथलं एकबी माहीत नाही."

दोन दिवस माझं कशात लक्ष नव्हतं. शाळेत आठवीच्या वर्गाला नववीचा धडा शिकवायला घेतला, मुलांनी मला थांबवलं. तिसऱ्या दिवशी मी स्वतःच कपाटावरून मोठी बॅग काढली आणि नवऱ्याला म्हटलं, पनवेलचं तिकीट काढा.

सोडायला आम्ही दोघंही गेलो. खेडहून एसटी घाट चढायला लागली, तेव्हा नवरा सारखा म्हणत होता, इथं माती लाल काहून आहे? वसतिगृहाच्या बाईंनी त्याला शेवटी कारण समजावून सांगितलं. आम्ही निघालो तेव्हा मुलगी फाटकापर्यंत आली, हात हलवला आणि आमची एसटी वळायच्या आतच माघारी फिरली. मला ते लागलं. नवरा म्हणाला, बरं झालं, रडली असती तर तू उतरली असती.

पहिले तीन महिने कठीण गेले. कपडे वाळत नाहीत, सगळीकडे भात, मासळीच्या वासानं डोकं दुखतं, जळवा लागतात. फोनवर रोज एक तक्रार. दिवाळीला नऊ दिवसांची सुट्टी मिळाली, त्यातले तीन प्रवासात गेले. आणि मग जानेवारीत तिला ताप आला. तिनं सांगितलं तेव्हा दोन दिवस उलटले होते. मला तिकीट मिळेना. तिच्या खोलीतल्या मुलीची आई चिपळूणहून आली, तिला पेज करून भरवली आणि ताप उतरेपर्यंत राहिली. त्या बाईंचे मी फोनवर आभार मानले. त्या दिवशी मला कोणी जबलपूरची फी दुप्पट करून मागितली असती, तरी मी भरली असती. हे मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मीबी."

वाचलेल्या पैशांचं म्हणाल, तर त्यातले बरेच आमच्याच येण्याजाण्यात गेले. उरले त्यातून तिनं जंगलात चालायचे चांगले बूट आणि एक दुर्बीण घेतली. आपण बरोबर केलं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. शाळेतल्या एका बाईंच्या मुलाचा गेल्या वर्षी हैदराबादला नंबर लागला. त्यांनी मला सल्ला विचारला, तेव्हा मी फक्त एवढंच म्हटलं, की आधी जाऊन बघून या, आणि येताना बसमध्ये पोराला बोलू द्या.

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागल्यावर मी एकटीच दापोलीला गेले. आता ती तिसऱ्या वर्षाला आहे. तिथल्या मैत्रिणींशी बोलताना तिची मराठी अगदी पुस्तकी होते, माझ्याकडे वळली की पुन्हा 'मले' सुरू. तिनं मला आवारामागच्या राईत नेलं आणि झाडं दाखवली. हा किंजळ, हा कोकम, हे सुरंगीचं. मी मान डोलवत होते. परत येताना एका झाडापाशी ती थांबली आणि म्हणाली, आई, सांग, हे कोणतं? मी म्हटलं, कोकम. ती हसली, माझा दंड धरून मला परत फिरवलं आणि खऱ्या कोकमाखाली नेऊन उभं केलं. पान हातात दिलं, चुरगळायला लावलं, चाखायला लावलं. आंबट होतं. या सगळ्यात गावात जायची एसटी निघून गेली. पुढची तासाभरानं होती, म्हणून आम्ही कठड्यावर बसलो, आणि तिनं मला पुढचं झाड विचारलं.